शमशीरबानूचा फैसला

काचीगुडा, हैदराबाद
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९४९

प्रिय इंदुमती,

पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तुला 'प्रिय' लिहितो आहे. आजवर 'चि. सौ. इंदुमतीस अनेक आशीर्वाद' लिहीत आलो, कारण घरातलं प्रत्येक पत्र पाकिटात जाण्याआधी आबांच्या चष्म्याखालून जात असे, आणि स्वतःच्या बायकोला 'प्रिय' म्हणणारा मुलगा त्यांच्या लेखी दिवाणी नव्हे, थेट फौजदारी आरोपी. हे पत्र मात्र त्यांनी पाहायला मागितलेलं नाही. उलट सकाळपासून दोनदा दारातून डोकावून गेले आणि दोन्ही वेळा खाकरून परत फिरले. तेव्हा ही संधी साधून घेतो. दसऱ्याचं सोनं इथूनच देतो. मोठ्यांनी लहानांना द्यायचं की लहानांनी मोठ्यांना, हे तू तुझ्या सोयीने ठरव.

तुझं पत्र पहिल्या माळेला पोचलं. त्यात दोन मुद्दे. पहिला असा की सोलापूरच्या शाळेने तुला कायम करायचं ठरवलं आहे आणि दिवाळीपर्यंत तू होय किंवा नाही कळवायचं आहेस. हैदराबादेत शिकवायला मिळणार असेल तर तू येशील. नाहीतर तू आणि रजनी तिथेच राहाल आणि मी सुट्टीला पाहुण्यासारखं यावं. 'रुसून लिहीत नाही, विचार करून लिहिते' असंही वाक्य आहे. ते मी चार वेळा वाचलं. रुसली असतीस तर बरं झालं असतं, रुसव्यावर उपाय असतात. दुसरा मुद्दा खाली, शाई संपत आल्यासारख्या अक्षरात: शमशीरबानूच्या चार चित्रपटांत सगळ्यांत भारी कुठला, असं रजनी विचारते. तू तुझा क्रम तिला सांगून टाकलास आणि वर म्हणालीस, 'बाबांनाही विचार, ते चुकीचं सांगतील.'

पहिल्या मुद्द्याचं उत्तर माझ्या हातात कधीच नव्हतं, दुसऱ्याचं आहे. म्हणून आधी दुसरा घेतो. शास्त्री असं करत नाहीत, नवरे करतात.

तरी पहिल्याबद्दल एवढं सांगून ठेवतो. हिमायतनगरला मुलींची मराठी शाळा निघाली आहे, तिचे चिटणीस केशवराव गणपती बसायच्या आधी आपल्या घरी आले होते. तू सोलापूरला निर्वासितांच्या पोरांना धर्मशाळेच्या ओट्यावर बसवून शिकवलंस, हे त्यांच्या कानावर होतं. सूनबाईंना आमच्या शाळेत धाडाल का, असं त्यांनी आबांना अगदी हात जोडून विचारलं. आबा म्हणाले, "बसा केशवराव. आमच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत. चहात साखर किती?" तिन्ही वाक्यं एका श्वासात. केशवराव चहा पिऊन गेले, साखरेचं उत्तर न देताच. सासऱ्यांचा रुकार असल्याशिवाय शाळा कुणाच्या सुनेला घेणार नाही, हे तुला माहीत आहे. सरकार बदललं, निशाण बदललं. सासरे अजून तेच आहेत.

बाकी गावाचं म्हणशील तर तू ओळखणार नाहीस आणि लगेच ओळखशील. ज्या फलाटावरून दोन वर्षांपूर्वी रझाकारांच्या धामधुमीत तुला आणि रजनीला गाडीत बसवलं, तिथे आता गाडी आली की माणसं खाली उतरताना दिसतात. माझ्या संस्कृतच्या वर्गात पूर्वी तीन विद्यार्थी असत, त्यांतले दोघे फारसीचा तास चुकवायला आलेले. यंदा बाकं पुरत नाहीत. ज्यांना काल 'रामः रामौ' म्हणताना दरदरून घाम फुटायचा ते आज वाटेत अडवून विचारतात, पंडितजी, आमचं घराणं कुठल्या ऋषीचं? फारसीचे मौलवीसाहेब आता रिकाम्या वर्गात बसतात, म्हणून मधल्या सुट्टीत मी माझा चहा तिकडे घेऊन जातो. आम्ही दोघं मिळून या नव्या विद्वानांना हसतो. एवढा अपवाद सोडला तर विजय अंगावर चांगला बसला आहे.

आता शमशीरबानू. नवरात्रात गुलनार टॉकीजने चारही चित्रपट ओळीने लावले होते. चारही मी पाहिले. त्यामुळे हा क्रम ताज्या पुराव्यावर आधारलेला आहे, तुझ्यासारखा आठवणींवर नाही.

तळाला 'शमशीरबानू की वापसी'. यावर रजनीने वाद घालू नये. लढाईच्या दिवसांत काढलेला चित्रपट, कच्ची फिल्म मिळत नव्हती, म्हणून अर्धा वेळ शमशीरबानू एकाच डोंगराभोवती फिरते आणि प्रत्येक फेरीला तो डोंगर नव्या देशातला असतो. तिचा पांढरा घोडा तोवर इतका म्हातारा झाला होता की उडी मारण्याआधी तो तिच्याकडे वळून पाहतो, खरंच मारू का, अशा नजरेने. तू त्या वेळी घोड्याची बाजू घेतलीस. माझं म्हणणं, करुणरस घोड्याला देऊन वीररस तयार होत नाही.

त्यावर 'शमशीरबानू का खजाना'. यात तो जाडा न्हावी खटपटलाल आहे, जो खलनायक वजिराची दाढी करता करता सगळं गुपित काढून घेतो. हा प्रसंग मी चारही चित्रपटांत पहिला मानतो. पण एका दाढीवर अख्खा चित्रपट किती वेळ तोलायचा? खजिना सापडतो तेव्हा त्यातून मोत्यांचे सर निघतात आणि एका मोत्याचा रंग उडालेला दिसतो. आमच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "अरे मियाँ, ये तो लाडबाजार का माल है!" आणि पुढचा अर्धा तास कुणी वजिराला घाबरायला तयार होईना.

आणि आता तुझा लाडका 'शमशीरबानू का इन्तिकाम'. तू त्याला पहिला क्रमांक देतेस, मला माहीत आहे. जळता पूल, पाठीला बांधलेलं मूल, दातात लगाम. तो पाहिला तेव्हा रजनी पोटात होती, आणि आई म्हणाल्या होत्या की असली दृश्यं पाहून पोर द्वाड होईल. आईंचं भाकीत खरं ठरलं, पण त्याचं श्रेय मी चित्रपटाला देणार नाही, आजोळाला देतो. मी त्याला दुसरा ठेवत आलो. त्याचं कारण तू नेहमी हसण्यावारी नेलंस, तरी ते पुन्हा सांगतो. नाटकाची रचना पाच टप्प्यांची असते, बीज पडण्यापासून सगळे धागे एका गाठीत येण्यापर्यंत. पाचवा टप्पा जमला नाही तर आधीचे चार वाया. 'इन्तिकाम'चा पाचवा टप्पा वाईट आहे. तू मात्र म्हणायचीस, चांगला आहे. आणि इथेच आपल्या भांडणाचं मूळ आहे, कारण इंदुमती, तू तो पाहिलेलाच नाहीस.

नुसता तोच नाही, चारांतला एकही नाही. गुलनारमधला जनाना आठव. पुढे तो जाड हिरवा पडदा. दिवे गेले की वर, दिवे आले की खाली. आणि वजीर कोंडीत सापडला रे सापडला की हातात कंदील घेऊन दारवाली चाँदबी यायची आणि ओरडायची, "चलो बीबियाँ, उठो, झटके लग गये!" पुरुषांची गर्दी बाहेर पडायच्या आत बायका पडदा लावलेल्या घोडागाडीत, झटक्यात, बसून घरी रवाना झाल्या पाहिजेत, हा टॉकीजचा रिवाज. शेवटचं रीळ फक्त पुरुषांसाठी. सगळ्या हैदराबादच्या बायकांनी वर्षानुवर्षं वजीर मरताना पाहिला नाही. मला वाटतं, म्हणूनच त्या त्याला इतक्या भीत राहिल्या.

पण तू गप्प बसणारी नव्हतीस. घरी आलीस की स्वयंपाकघरात आई, शेजारच्या भामाबाई आणि आळीतल्या आणखी दोघीतिघी भाकरीच्या परातीभोवती जमायच्या आणि तू त्यांना शेवट सांगायचीस. न पाहिलेला. इतका तपशिलात, की वजिराची पगडी कुठल्या पायरीवर पडली तेही यायचं. तुझ्या शेवटात शमशीरबानू बुरखा काढते, तलवार म्यान करते, ती कमरेलाच ठेवते आणि दरबारात जाऊन बसते. शहजादा लग्नाची मागणी घालतो तेव्हा ती म्हणते, "विचार करते." आई म्हणायच्या, "अगं बाई, विचार करते म्हणाली?" आणि तू म्हणायचीस, "म्हणाली म्हणजे काय, मी ऐकलं ना!" नंतर कधी गच्चीवर पापड राखत असताना मी तुला खरा शेवट सांगायचो, तर तू पापड उलटत म्हणायचीस, "चूक. तसं होणारच नाही. तुम्हाला झोप लागली असेल."

काचीगुड्यातल्या निम्म्या बायका आजही तुझे शेवट खरे धरून चालतात. भामाबाई तर परवा मलाच सांगत होत्या की 'खजाना'च्या शेवटी शमशीरबानू मोती वाटून टाकते. मी म्हटलं, नाही हो, शहजादा तिच्या गळ्यात घालतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे होता? मी होते."

आता गुलनारचा तो हिरवा पडदा उतरला आहे. नव्या मॅनेजरने जाहीर केलं की दसऱ्यापासून बायका शेवटपर्यंत बसतील, कुणाला आधी उठायचं तर तिची खुशी. दसऱ्याला मालिकेतला अगदी पहिला चित्रपट होता, नुसता 'शमशीरबानू', माझ्या क्रमातला पहिला. मी अंगरखा घालत होतो तर आबा काठी घेऊन दारात उभे. "मी येतो," म्हणाले. मी विचारलं, कुणाच्या सोबतीला? कारण तुला आठवत असेल, आबा चित्रपटाला कधीच जात नसत. ते बायकामाणसांच्या 'सोबतीला' जात. एकही चुकवला नाही, पण सोबतीलाच. या प्रश्नावर त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "तुझ्या."

आम्ही शेजारी बसलो. आबा ताठ, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, कोर्टात सरिश्तेदारीच्या खुर्चीवर बसत तसे. ती तटावरून उडी मारते तिथे काठी जमिनीवर एकदा वाजली. वजीर कोंडीत सापडला. आणि आबा उठले. सवयीने. धोतराचा सोगा सावरून निघाले सुद्धा. मी हात धरला: "आबा, कुठे?" तर म्हणाले, "झटका बघायला." मग स्वतःच थबकले. आजूबाजूला पाहिलं. बायकांच्या बाजूला एकही उठली नव्हती. चाँदबी स्वतः पायरीवर फतकल मारून चित्रपट पाहत होती, कंदील विझवून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातला कर्ता पुरुष म्हणून दर वेळी झटका आणायला, तुम्हा सगळ्यांना पडद्यात बसवायला आबाच उठत. मी मागे राहून पाहायचो, आणि ते बाहेर घोड्याशेजारी उभे असायचे. म्हणजे आबांनीही आजवर एकसुद्धा शेवट पाहिलेला नव्हता! जो रिवाज त्यांनी जन्मभर पाळला त्याचा दंड तेही तुझ्याइतकाच भरत होते. आणि त्यांना शेवट माहीत होता तो कुठला? स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून त्यांची बैठक. तू परातीभोवती बायकांना सांगायचीस तेव्हा पलीकडे त्यांचा हुक्का बंद व्हायचा, हे मी कित्येकदा पाहिलं होतं. मला वाटायचं, तुमच्या कलकलाटाला कंटाळून ते बंद करतात.

तर ते खाली बसले आणि शेवटचं रीळ लागलं. वजीर कड्यावरून पडला, टाळ्या झाल्या. शमशीरबानूने बुरखा काढला, शिट्ट्या झाल्या. मग शहजादा आला. तिने तलवार त्याच्या पायाशी ठेवली, पदर डोक्यावर ओढला आणि पालखीत जाऊन बसली. पालखीचा पडदा पडला. समाप्त.

आबा उभे राहिले. साऱ्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ये गलत है!" मागून कुणी म्हणालं, "बैठो बड़े मियाँ, खतम हो गया." आबा वळले. "खतम कैसा हुआ? तीन घंटे गवाही एक तरफ की, और फैसला दूसरी तरफ! किले वो फतह करे, दीवार से वो कूदे, और पालकी में बी वोइच बैठे? कायकू?" मग बायकांच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला, "हौ, बराबर बोल रहे दादा!" आणि इंदुमती, त्या सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. हिंदू, मुसलमान, तेलुगू, मराठी, चाँदबीसकट. शमशीरबानूच्या लग्नाला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या आबांच्या हरकतीला मिळाल्या. मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं दंगा झाला. आबांनी त्यालाही सुनावलं, असला फैसला अपिलात एक दिवस टिकणार नाही.

घरी चालत आलो. अर्धी वाट आबा काठी आपटत पुढे चालत होते. चौकात थांबून म्हणाले, "ती दरबारात बसते ना? विचार करते म्हणते ना?" मी म्हटलं, आबा, तो शेवट सिनेमावाल्यांचा नाही, तो तुमच्या सुनेचा. ते म्हणाले, "ते कळलं मला. तिचा बरोबर आहे. यांचा चूक." पुढे जरा चालून: "हे लोक तिला विचारत का नाहीत?" मी गप्प राहिलो. संस्कृतात मौनाला संमती म्हणतात. आपल्या घरात इतकी वर्षं ते नुसतंच मौन होतं. काल मात्र मी ते जपून वापरलं. बोललो असतो तर आबांनी माझ्याशी वाद घातला असता. मी बोललो नाही, म्हणून त्यांना स्वतःशी घालावा लागला.

तेव्हा रजनीला माझा सुधारित क्रम सांग. तळाला 'वापसी', त्यावर 'खजाना'. दुसऱ्या जागेसाठी 'इन्तिकाम' आणि 'शमशीरबानू' यांनी आपसात भांडावं, मी मध्ये पडत नाही. पहिला क्रमांक त्या शमशीरबानूला, जी आपल्या स्वयंपाकघरात पूर्ण होत असे. तिचा पाचवा टप्पा निर्दोष आहे. बाबा चुकीचं सांगतील, हे तुझं भाकीत तेवढं चुकलं.

आता हे सगळं का लिहिलं ते. आज सकाळी आबा अंघोळ करून, पगडी घालून, आपट्याची पानं घेऊन एकटेच बाहेर पडले. सोनं द्यायला लोक त्यांच्याकडे येतात. ते कुणाकडे जात नाहीत, हे तू जाणतेस. ते चालत हिमायतनगरला गेले, आपल्याहून वीस वर्षांनी लहान केशवरावांच्या हातात पानं ठेवली आणि म्हणाले, आमचा मागचा फैसला आम्ही रद्द केला आहे. केशवराव मला हे सांगायला मागोमाग घरी आले, डोळे पुसत; या खेपेला चहा दोन कप घेतला. जागा तुझी आहे, दिवाळीनंतर वर्ग सुरू. तासाभराने आबा माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "सूनबाईला लिही. ये म्हणून लिहू नकोस. येशील का, असं विचार." या घरात तुला काही विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे वाक्य नीट बसवायला मला एवढी पानं लागली. तर विचारतो. येशील का? विचार करून सांग, घाई नाही. आणि सोलापूरच बरं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. म्हणजे तिथल्या शाळेत संस्कृतची जागा आहे का, ते मी पाहायला लागतो. आबांना हेही बोललो. ते दारापर्यंत जाऊन वळले आणि म्हणाले, "विचारून घे, तिथे टॉकीज बरी आहे का."

तुझाच,
माधव